राजीनामा आणि मदतीचा अर्ज: नेटवरचे नमुने कितपत वापरावेत?

कराडकर_पुण्यात | ६ मे २०२४, रात्री ११:४२

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

आईला मार्चपासून डायलिसिस सुरू झालंय. आठवड्यातून तीनदा, एका खेपेला चार तास आणि जाणं-येणं, नंतरचा थकवा धरला तर अख्खा दिवस जातो. बाबा नाहीत. बहीण बेळगावला असते, ती दोन महिने येऊन राहिली पण जूनमध्ये तिच्या पोरांच्या शाळा सुरू होतील. आईला पुण्याला आणून बघितलं, चौथ्या दिवशी "मला माझ्या घरी सोड" म्हणाली आणि ते काय चूक नाही, सगळं आयुष्य कराडात गेलंय तिचं. त्यामुळे मी नोकरी सोडून तिकडे जायचं असं जवळजवळ ठरलंय.

आता दोन पत्रं लिहायचीत. एक राजीनामा, आणि दुसरं बँकेला, कारण फ्लॅटचा ३१,४०० चा ईएमआय आहे आणि पगार थांबल्यावर तो झेपणार नाही. आयुष्यात पत्र म्हणून शेवटचं लिहिलं ते दहावीच्या पेपरात. नेटवर शोधलं तर शेकडो नमुने. राजीनाम्याचा हा त्यातल्या त्यात बरा वाटला:

"महोदय, वरील विषयास अनुसरून सविनय सादर करतो की मी आपल्या नामांकित संस्थेत ____ या पदावर कार्यरत असून काही अपरिहार्य वैयक्तिक कारणांमुळे तात्काळ प्रभावाने माझ्या पदाचा राजीनामा देत आहे. आपल्या संस्थेने मला जे दिले त्याबद्दल मी आजन्म ऋणी राहीन."

बँकेसाठीचा तर असा होता की वाचून मलाच रडू आलं, "आमच्या कुटुंबावर दुःखाचा डोंगर कोसळला असून आपणच आमचे मायबाप आहात" वगैरे. असंच लिहायचं असतं का? की नावं बदलून पाठवून देऊ?

झुळूक | ७ मे, सकाळी ७:१५

आईंना लवकर आराम पडो.

बाकी ते "तात्काळ प्रभावाने" डोळ्यांत खुपलं, हिंदीतल्या "तत्काल प्रभाव से" चं शब्दशः केलेलं दिसतंय. आणि नोकरीच्या जागेचं आजन्म ऋण कशाला, पगाराच्या बदल्यात काम केलंस ना?

एचआरवाली_बाई | ७ मे, सकाळी ९:५०

थांब थांब, काही पाठवू नकोस अजून!!

चौदा वर्षं एचआरमध्ये आहे, राजीनामे किती वाचले त्याचा हिशोब नाही, आणि त्यातले निम्मे याच दोन-चार नमुन्यांवरून उचललेले असतात हे पहिल्या ओळीत कळतं. त्याला आमची हरकत नसते. आम्ही ते साहित्य म्हणून वाचत नाही, तारीख कुठाय, शेवटचा दिवस कुठला म्हणतोय, एम्प्लॉयी नंबर आहे का, एवढं बघतो आणि सिस्टीमला टाकतो. फक्त कधीकधी नमुना नीट पुसलेला नसतो. चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या आमच्या कंपनीला एकाने लिहिलं होतं, "आपल्या प्रतिष्ठित बँकेत काम करताना ग्राहकसेवेचे धडे मिळाले". दोन दिवस कँटीनमध्ये तोच विषय.

तुझ्या नमुन्यातला खरा घोळ त्या "तात्काळ" मध्ये आहे. अपॉइंटमेंट लेटरमध्ये नोटीस पिरियड किती आहे ते आधी बघ. तात्काळ लिहून तू स्वतःच्या हाताने सांगतोयस की मी नोटीस देणार नाही, मग ते तेवढ्या दिवसांचे पैसे एफ अँड एफ मधून (सोडतानाच्या शेवटच्या हिशोबातून) कापणार, वर रिलीव्हिंग लेटर अडकलं की पुढच्या नोकरीत बोंब. आणि एक सांग, जॉइन कधी झालास?

कराडकर_पुण्यात | ७ मे, दुपारी १:०५

१६ ऑगस्ट २०१९. नोटीस ९० दिवसांची आहे, आत्ताच कपाटातून लेटर काढून बघितलं. बेसिक ४०,००० आहे, ते विचारणार असाल तर :)

एचआरवाली_बाई | ७ मे, दुपारी १:२२

तेच विचारणार होते. अरे बाबा, तुझी पाच वर्षं १५ ऑगस्टला पूर्ण होतायत! ग्रॅच्युइटीला, म्हणजे सोडताना कंपनी देते त्या रकमेला, सलग पाच वर्षं लागतात. हिशोब असा, शेवटचं बेसिक (डीए असेल तर धरून) गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. तुझे ४०,००० × १५ ÷ २६ × ५ म्हणजे १,१५,००० च्या वर होतात. त्या नमुन्यातल्या दोन शब्दांपायी लाखाच्या वरची रक्कम सोडून चालला होतास.

चार वर्षं आणि २४० दिवस झाले की पाच धरायची असा मद्रास हायकोर्टाचा निकाल आहे आणि तुझे ते कधीच उलटून गेलेत, पण सगळ्या कंपन्या ते मानतात असं नाही, भांडायला तुला वेळ कुठाय. २० मे ला राजीनामा दे, ९० दिवस म्हणजे १८ ऑगस्ट. प्रश्नच मिटला.

निनाद७९ | ७ मे, दुपारी ३:४०

मला एक कळत नाही, सगळे राजीनामा कसा लिहायचा ते सांगताय, द्यायचाच का हे कुणी विचारत नाही. आधी विनंतीचं पत्र दे ना. सहा महिने कराडहून काम करू द्या, ते नाही तर तीन महिने बिनपगारी रजा द्या. माझ्या मेव्हण्याला वडिलांच्या पॅरालिसिसच्या वेळी दिली होती कंपनीने. नाही म्हणाले तर राजीनामा आहेच, तो कुठे पळून जातो.

जुना_हेडक्लार्क | ७ मे, सायंकाळी ६:३०

निनाद यांच्याशी सहमत. आता थोडं विषयांतर करतो, कारण हा धागा सरकारी नोकरीतलेही वाचत असतील आणि त्यांच्यासाठी नमुन्याचा प्रकार फारच जीवघेणा आहे.

मी जिल्ह्याच्या एका कार्यालयातून निवृत्त झालो. आवक-जावकला असताना एक बाई अर्ज घेऊन आल्या, बावीस वर्षं नोकरी झालेली, घरी सासूबाई अंथरुणावर. अर्ज सुबक टाइप केलेला, मुलाने नेटवरून काढून दिलेला. विषय: "पदाचा राजीनामा देणेबाबत." मी इनवर्ड नंबर टाकायचा हात तसाच वर धरला. म्हटलं ताई, हा खाजगी कंपनीचा कागद आहे, तुम्हाला राजीनामा द्यायचाय की घरी बसून पेन्शन घ्यायचीय? त्या म्हणाल्या, दोन्ही एकच ना?

अजिबात एकच नाही. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम १९८२, त्यातल्या नियम ४६ प्रमाणे राजीनामा दिला की मागची सगळी सेवा बुडते. आणि नियम ६६ प्रमाणे वीस वर्षं अर्हताकारी (पेन्शनसाठी धरली जाणारी) सेवा झाली असेल तर तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते, पेन्शनसकट. फरक फक्त विषयाच्या ओळीतल्या शब्दाचा. बाईंनी तिथेच बाकावर बसून हाताने दुसरा अर्ज लिहिला.

कोर्टात जाऊन हा शब्द मागे फिरवता येईल या भ्रमात राहू नये. दिल्लीच्या एका वीज कंपनीतल्या कर्मचाऱ्याचं प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं होतं, वीस वर्षं नोकरी झालीय तर राजीनाम्यालाच स्वेच्छानिवृत्ती समजा असं त्याचं म्हणणं. डिसेंबर २०१९ मध्ये कोर्टाने सांगितलं, राजीनामा तो राजीनामाच.

मास्तुरे | ७ मे, रात्री ९:१०

क्लार्कसाहेब, आमच्या खाजगी शाळांचंही घाला त्यात. १९७७ च्या एमईपीएस कायद्याचं (खाजगी शाळांतल्या कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा कायदा) कलम ७, राजीनामा दोन प्रतींत लिहायचा, दोन्हीवर सही आणि तारीख, एक प्रत संस्थेला रजिस्टर पोस्टाने आणि दुसरी स्वतःकडे. कायम शिक्षकाला तीन महिन्यांची नोटीस. एवढं बारीक का लिहिलंय ते जुन्या शिक्षकांना विचारा, नेमणुकीच्या दिवशीच कोऱ्या कागदावर सही घेऊन ठेवायची पद्धत होती कित्येक ठिकाणी, मास्तर जड झाला की वरती मजकूर भरायचा. त्यामुळे आमच्यात नमुना कुठला घ्यायचा हा प्रश्न दुय्यम, पोस्टाची पावती सांभाळा.

झुळूक | ७ मे, रात्री ९:१८

बापरे. कोऱ्या कागदाचं ऐकून काटा आला.

बँकेतला_बंड्या | ८ मे, सकाळी ८:३५

बँकेच्या पत्राबद्दल मी सांगतो, कर्ज विभागात आहे (कुठल्या बँकेत ते विचारू नका).

डोंगर कोसळलेली पत्रं रोज येतात. खरं सांगू का, डोंगर कोसळला हे वाचून आम्हाला काहीच करता येत नाही. माझ्या हातात अधिकार कसले, तर प्रपोजल करून वर पाठवायचं, आणि त्या प्रपोजलमध्ये मला रकाने भरायचेत: उत्पन्न किती होतं, किती झालं, कधीपासून, किती काळ असं राहील, आणि कर्जदार आत्ता महिना किती भरू शकतो. शेवटचा रकाना नव्वद टक्के पत्रांत रिकामा असतो. लोक म्हणतात "सहकार्य करावे". अरे पण काय करू? हप्ता कमी करू, मुदत वाढवू, तीन महिने फक्त व्याज घेऊ, नक्की काय पाहिजे? जो मागतो त्याचं प्रपोजल बनतं, जो फक्त रडतो त्याला मी "बघतो" म्हणतो.

दुसरं, पहिला हप्ता बाउन्स व्हायच्या आधी या. बाउन्स झाला की चार्ज लागतो, सिबिलला (कर्जफेडीच्या रेकॉर्डला) नोंद जाते, आणि त्याच माणसाकडे बघायची वरच्यांची नजर बदलते. "सेटलमेंट" हा शब्द पत्रात चुकूनही नको. नेटवरच्या बऱ्याच नमुन्यांत तो असतो, आणि त्याचा अर्थ होतो की पूर्ण कर्ज फेडणार नाही, थोडक्यात मिटवा. सिबिलवर "सेटल्ड" असा शिक्का बसला की पुढची कित्येक वर्षं गृहकर्ज विसरा. मुदत वाढवून मागितली तर काही वेळा त्याचीही पुनर्रचना म्हणून नोंद होते, ती होणार का हे सही करायच्या आधी विचारून घ्यायचं.

कराडकर_पुण्यात | ८ मे, सकाळी १०:०२

बंड्याभाऊ, मी सेटलमेंटच लिहिलं होतं ड्राफ्टमध्ये. "योग्य ती सेटलमेंट करून सहकार्य करावे." खोडलं.

शिल्लक २८ लाख आहे, १२ वर्षं राहिलीत, दर ८.७५. फ्लॅट भाड्याने दिला तर १७ हजार येतील असं एजंट म्हणतोय.

बँकेतला_बंड्या | ८ मे, सकाळी १०:४०

मग तुझी केस चांगलीय की! वय ३४-३५ असेल ना? मुदत १२ ची २० करून मागितलीस तर हप्ता ३१,४०० चा साधारण पावणेपंचवीस हजारावर येतो. एकूण व्याज बरंच जास्त जाईल हे माहीत असू दे, पण पुढे पैसे आले की पार्ट पेमेंट कर, फ्लोटिंग दराच्या घरकर्जाला त्याचा दंड नसतो. भाडं १७, वरचे पावणेआठ हजार कुठून येणार ते लिही. एवढं लिहिलंस की पत्र झालं.

वॉर्डातली_ताई | ८ मे, दुपारी ४:१५

धागा उशिरा बघितला. मी एका धर्मादाय हॉस्पिटलमध्ये मेडिकल सोशल वर्कर आहे, मदतीचे अर्ज हेच माझं रोजचं काम, म्हणून जरा लांबण लावते.

हॉस्पिटलच्या बाहेर झेरॉक्सवाल्याकडे "मदतीचा अर्ज" दहा रुपयांना छापील मिळतो. तोच नमुना वर्षानुवर्षं. त्यात एक ओळ आहे, "माझ्या दोन लहान मुलींच्या शिक्षणाची जबाबदारी माझ्यावर आहे". एकदा एका बावीस वर्षांच्या पोराने, लग्न न झालेल्या, तो सही करून आणला. मी म्हटलं मुली कुठायत रे? तो म्हणाला मॅडम झेरॉक्सवाला म्हणाला असंच असतं. त्याचा बाप आयसीयूत होता, तो खोटं बोलायला आला नव्हता, पण हाच कागद एखाद्या ट्रस्टच्या कमिटीपुढे गेला असता तर पहिल्याच चौकशीत फाइल बंद.

आणि त्याला त्या मुलींची गरजच नव्हती! १९५० च्या सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ४१ अअ खाली, हायकोर्टाने २००६ मध्ये ठरवून दिलेल्या योजनेप्रमाणे धर्मादाय हॉस्पिटलला १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांना सवलतीत ठेवाव्याच लागतात, त्यासाठी बिलांच्या २ टक्के रकमेचा वेगळा फंड असतो. म्हणजे तो दया मागत नव्हता, हक्काचं मागत होता. अर्जात एवढंच लागतं की पेशंटचं नाव, आयपीडी (दाखल पेशंटचा) नंबर, अमुक योजनेखाली सवलत मिळावी, सोबत उत्पन्नाचा दाखला, रेशन कार्ड, आधार. चार ओळी.

मुख्यमंत्री सहाय्यता निधीचंही तसंच, तिथे छापील फॉर्म आहे, तहसीलदाराचा दाखला वर्षाला १ लाख ६० हजारांच्या आतला, हॉस्पिटलचं सही-शिक्क्याचं अंदाजपत्रक, रिपोर्ट. अपघात असेल तर एफआयआर. लोक दोन पानी करुण पत्र जोडतात आणि अंदाजपत्रकावर डॉक्टरची सही नसते. अर्ज परत. खरंच सांगते, मी पत्र शेवटी वाचते, आधी जोडलेले कागद मोजते.

कराडकर, तुम्ही उत्पन्नामुळे यात बसणार नाही बहुतेक. पण डायलिसिस महात्मा फुले योजनेत बसतं का ते तिथल्या हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या तिथल्या मदतनिसाला) रेशन कार्ड दाखवून विचारा. जिल्हा रुग्णालयातही पंतप्रधान डायलिसिस कार्यक्रमाखाली सोय असते. आणि एसटीच्या साध्या गाडीत डायलिसिस पेशंटला तिकीट माफ आहे हे कितीतरी लोकांना माहीत नसतं.

कराडकर_पुण्यात | ८ मे, रात्री १०:५०

ताई, एसटीचं खरंच माहीत नव्हतं. आम्ही दर खेपेला रिक्षाला ३०० देतोय.

निनाद७९ | ८ मे, रात्री ११:०५

पण ताई, माझा वेगळा अनुभव आहे. माणसासमोर बसून चार शब्द दुःखाचे बोलले तर समोरचा विरघळतो. पत्रात अगदीच कोरडं लिहून कसं चालेल? शेवटी वाचणारा पण माणूसच ना.

वॉर्डातली_ताई | ९ मे, सकाळी ८:००

माणूसच आहे, म्हणून तर. दिवसाला चाळीस डोंगर कोसळल्यावर एक्केचाळिसाव्याला काय वाटणार? उलट परवा एका आजोबांनी लिहिलं होतं, "मी रसवंती चालवतो, पावसाळ्यात धंदा बंद असतो, म्हणून ऑक्टोबरपर्यंत भरता येणार नाही, नोव्हेंबरपासून महिना दोन हजार देईन." ते वाचून मी स्वतः उठून साहेबांकडे गेले. त्यात दुःखाचा एक शब्द नव्हता.

झुळूक | ९ मे, सकाळी ८:२०

रसवंतीवाल्या आजोबांचाच नमुना नेटवर टाकायला पाहिजे.

वॉर्डातली_ताई | ९ मे, सकाळी ८:२४

नको गं बाई, मग पुढच्या महिन्यात सगळेच रसवंती चालवायला लागतील.

कराडकर_पुण्यात | १२ मे, दुपारी १२:३०

बँकेचं लिहिलं. नमुन्यातला पत्ता-विषय-सोबत असा सांगाडा ठेवला, आतलं सगळं काढलं. बघा:

"विषय: गृहकर्ज खात्याची मुदत वाढवून हप्ता कमी करण्याबाबत.

महोदय,
माझे गृहकर्ज खाते आपल्या शाखेत आहे (क्रमांक वर दिला आहे). आजपर्यंत एकही हप्ता चुकलेला नाही. माझ्या आईला मार्च २०२४ पासून आठवड्यातून तीन वेळा डायलिसिस करावे लागते. तिची काळजी घेण्यासाठी मी ऑगस्टमध्ये नोकरी सोडून कराडला राहायला जात आहे. त्यानंतर फ्लॅटचे भाडे अंदाजे १७,००० रुपये आणि घरून करत असलेल्या कामाचे अंदाजे १५,००० रुपये एवढेच माझे उत्पन्न राहील. सध्याचा ३१,४०० चा हप्ता मला भरता येणार नाही, परंतु २५,००० पर्यंतचा हप्ता मी नियमित भरू शकेन. तरी कर्जाची उरलेली मुदत १२ वर्षांवरून २० वर्षे करून मिळावी ही विनंती.
सोबत: डॉक्टरांचे प्रमाणपत्र, सहा महिन्यांचे पगारपत्रक, बँक स्टेटमेंट."

बँकेतला_बंड्या | १२ मे, दुपारी १:१५

एक नंबर. पण ३२ मधून २५ गेले तर तुम्ही दोघं जेवणार काय, हे मी विचारणार नाही पण माझा साहेब विचारेल. आईंची फॅमिली पेन्शन वगैरे काही असेल तर तीही लिही. "अंदाजे १५,०००" च्या जागी कुणाचं काम आहे त्याचा एखादा मेल किंवा करार जोड. आणि भाडेकरार झाला नसेल तर एजंटचं पत्र तरी. नेताना दोन प्रती, एकीवर शिक्का आणि तारीख मारून पोच घे. पोच नसेल तर पत्र दिलंच नव्हतं असं धर. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, तिथे पहिला प्रश्न पोच कुठाय हाच असतो.

एचआरवाली_बाई | १२ मे, दुपारी २:००

आणि पीएफ? आईच्या आजारपणासाठी फॉर्म ३१ ने ॲडव्हान्स मिळतो, नोकरीत असतानाच, ऑनलाइन. त्याला पत्रबित्र काही लागत नाही, यूएएनला (पीएफच्या तुझ्या कायमच्या नंबरला) आधार आणि बँक खातं जोडलेलं पाहिजे फक्त. केवायसी आत्ताच तपासून घे, सोडल्यावर एचआरच्या मागे धावत बसावं लागतं, मी स्वतः एचआर असून सांगतेय.

कराडकर_पुण्यात | २१ मे, रात्री १०:१५

अपडेट देतो.

निनाद म्हणाले तसं आधी विनंती केली, सहा महिने कराडहून काम. मॅनेजर चांगला आहे पण वरून नाही आलं. बिनपगारी रजा पण नाही. मग काल, २० तारखेला, राजीनामा दिला. पाच ओळी: नाव-नंबर, आईच्या आजारपणामुळे सोडतोय, ९० दिवसांच्या नोटीसप्रमाणे शेवटचा दिवस १८ ऑगस्ट, हातातलं काम कुणाकडे देणार ते, आणि नोटीसचा काळ घरून करू द्यावा अशी विनंती. ती शेवटची मात्र मान्य झाली! म्हणजे १ जूनपासून कराडला. जे विनंतीच्या पत्राने झालं नाही ते राजीनाम्यातल्या एका ओळीने झालं, गंमतच आहे.

एवढं सगळं स्वतः लिहिलं आणि मेलच्या विषयात "____ पदाचा राजीनामा" तसंच राहिलं. रिकाम्या जागेसकट. एचआरचं उत्तर आलं, "राजीनामा मिळाला. कृपया पदाचे नाव कळवावे."

एचआरवाली_बाई | २१ मे, रात्री १०:२१

😂😂 मी नाही हं ती.

कराडकर_पुण्यात | २१ मे, रात्री १०:३०

बँकेत पोच मिळाली. साहेबांनी बंड्याभाऊ म्हणाले तोच प्रश्न विचारला, शब्दनशब्द, आईची पेन्शन ११ हजार लिहिली होती म्हणून वाचलो. आता भाडेकराराची प्रत मागितलीय, एजंट उद्या नऊला भेटतोय. पावणेपंचवीस झाला तर ठीक, नाही तर फ्लॅट विकायचा विचार करावा लागेल, ते बघू.

ताई, एक विचारायचं राहिलं. एसटीच्या सवलतीसाठी दाखला डायलिसिस सेंटरचा चालतो की सिव्हिलचाच लागतो? शनिवारची खेप कराड स्टँडवरूनच करून बघायची आहे.